‘गोवन क्रेझी’ : एका माणसाचा बँड

गोव्याचे रॉक गायक, गीतकार व संगीतकार रेमो फर्नांडिस यांचा ‘गोवन क्रेझी’ हा इंग्रजी गीतांचा अल्बम १९८४ साली कॅसेटच्या रूपात प्रसिद्ध झाला. तो बार्देशातील शिवोली येथे, त्यांच्या घरीच ध्वनिमुद्रित झाला. अल्बम बँडचा वाटतो. प्रत्यक्षात त्यातील सारी वाद्ये आणि सारे आवाज एकट्या रेमो यांचे आहेत.

१९५३ मध्ये जन्मलेल्या रेमो यांनी मुंबईत वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथील ‘सॅव्हेजेस’ या रॉक बँडमध्येही ते होते. पुढे त्यांनी वास्तुविशारदाच्या व्यवसायापेक्षा संगीत निवडले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोप व उत्तर आफ्रिकेत भ्रमंती केली. गोव्यात परतल्यावर खरी अडचण उभी राहिली, ती गाणी लोकांपर्यंत नेण्याची. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नकार दिला. भारतीय गायक इंग्रजीत गाणार, तेही प्रेमगीते सोडून गोव्यातील विषयांवर. अशा कॅसेटला गिऱ्हाईक कोठून मिळणार, हा त्यांचा हिशेब होता. तिशी ओलांडलेल्या, हाती पदवी असूनही ती बाजूला ठेवलेल्या माणसाला हा नकार किती जड गेला असेल, याची कल्पना करता येते.

मार्ग दाखवला तो एका छोट्या यंत्राने. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये ‘पोर्टास्टुडिओ’ हा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर बाजारात आणला होता. साध्या कॅसेटवर प्रत्येक बाजूला दोन ट्रॅक असतात. हे यंत्र चारही ट्रॅक एकाच दिशेने आणि दुप्पट वेगाने वापरी. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण होई. आधी एक वाद्य वाजवायचे, ते ऐकत दुसरे, मग तिसरे. चारांहून अधिक आवाज हवे असल्यास भरलेले तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा वाजवायचे. प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढे. एकदा मिसळलेले सूर पुन्हा वेगळे करता येत नसत, म्हणून गिटार किती मोठी आणि बासरी किती हळू, याचा निर्णय बाकीचे गाणे तयार होण्यापूर्वीच घ्यावा लागे. बँडमध्ये असा निर्णय चुकला तर निदान भांडायला कोणी असते.

मुखपृष्ठही रेमो यांनीच केले. वितरकाचा प्रश्न त्यांनी आपल्या पिवळ्या स्कूटरवर सोडवला : कॅसेटी घेऊन ते गोव्यातील दुकाने फिरले आणि माल स्वतः पोहोचवला.

त्यानंतर १९८५ मध्ये ‘ओल्ड गोवन गोल्ड’, १९८६ मध्ये अमली पदार्थांविरुद्धचे शीर्षकगीत असलेला ‘पॅक दॅट स्मॅक’ आणि १९८७ मध्ये ‘बॉम्बे सिटी’ हे अल्बम आले. ‘जलवा’ या हिंदी चित्रपटामुळे त्यांचा आवाज गोव्याबाहेर पोहोचला, तोही १९८७ मध्येच. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.