गिटमध्ये कमिट केलेलं काम सहसा हरवत नाही, ते का? सातबारा आणि फेरफारातून समजून घ्या

रात्रीचे बारा वाजलेत. दोन दिवस खपून लिहिलेला कोड आहे. छोटा गोंधळ निस्तरायला कुठेतरी वाचून 'गिट रीसेट हार्ड' ही कमांड मारली आणि प्रोजेक्ट थेट दोन दिवस मागे गेला. पोटात गोळा आला.

घाबरू नका. ते काम कमिट केलेलं असेल, तर बहुतेक अजून तुमच्याच लॅपटॉपवर आहे. ते कुठे आहे आणि परत कसं आणायचं, हे कळण्यासाठी गिट आतून कसं चालतं ते बघावं लागेल. त्यासाठी आधी जरा तलाठी कार्यालयात जाऊ.

सातबारा आणि फेरफार

जुन्नर तालुक्यात माळशेज घाटाच्या अलीकडे मढ नावाचं गाव आहे. तिथल्या एखाद्या गटाचा सातबारा काढला, तर जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. पण ते नाव तिथे आलं कसं, हे सांगते फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६. वारस लागले, खरेदीखत झालं, बोजा चढला, की दरवेळी नव्या क्रमांकाची नोंद पडते. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते आणि मग मंडळ अधिकारी ती मंजूर करतो. जुनी नोंद फाडून टाकत नाहीत, तिच्यावर नवी नोंद येते. हे राज्यभर असंच चालतं.

गिटमध्ये तुमच्या डोळ्यांसमोरचं फोल्डर म्हणजे सातबारा. प्रत्येक कमिट म्हणजे एक फेरफार. आणि नोंदवही असते प्रोजेक्टमधल्याच 'डॉट गिट' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये.

फरक एकच. फेरफारात फक्त बदल लिहिलेला असतो. गिटचं कमिट मात्र त्या क्षणीच्या संपूर्ण प्रोजेक्टचं चित्र धरून ठेवतं.

मग जागा पुरते कशी?

गिट फाइलचा मजकूर घेतं आणि त्यावरून एक ४० अक्षरी खूण काढतं. तिला हॅश म्हणतात. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. मजकूर तोच असेल तर हॅशही तोच, म्हणून न बदललेली फाइल पुन्हा साठवावी लागत नाही.

आत मुख्यतः तीन गोष्टी असतात:

- ब्लॉब: फाइलचा नुसता मजकूर. यात फाइलचं नावसुद्धा नसतं.
- ट्री: कोणत्या नावाखाली कोणता ब्लॉब आहे, याची यादी. म्हणजे फोल्डर.
- कमिट: ट्रीचा हॅश, आधीच्या कमिटचा हॅश, कुणी केलं, कधी केलं आणि संदेश.

प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचा हॅश असतो. त्यामुळे जुन्या कमिटमध्ये गुपचूप फेरबदल केला, तर त्याच्या पुढच्या सगळ्यांचे हॅश बदलतात आणि चोरी लगेच उघडी पडते.

आणि ब्रांच म्हणजे काय? एका कमिटचा हॅश लिहिलेली चिठ्ठी, बस्स. 'रीसेट' केलं की चिठ्ठीवरचा हॅश बदलतो. ब्रांच डिलीट केली की चिठ्ठी जाते. कमिट मात्र जागेवरच राहतं.

हरवलेलं परत कसं आणायचं?

(कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करा.)

१. 'गिट रिफ्लॉग' चालवा. तुम्ही कधी कोणत्या कमिटवर होतात, याची यादी येईल.
२. गोंधळ व्हायच्या आधीची ओळ शोधा आणि तिच्या सुरुवातीचा छोटा हॅश कॉपी करा.
३. 'गिट ब्रांच सुटका' लिहून पुढे तो हॅश द्या. 'सुटका' नावाच्या नव्या ब्रांचवर तुमचं काम परत येईल.

याला मुदत आहे. कुठल्याही ब्रांचशी न जोडलेल्या कमिटची नोंद रिफ्लॉगमध्ये नेहमीच्या सेटिंगनुसार ३० दिवस टिकते. त्यानंतर सफाईत ते कमिट जाऊ शकतं. शिवाय रिफ्लॉग फक्त तुमच्या मशीनवर असतो, नव्याने क्लोन केलेल्या प्रतीत तो मिळत नाही.

'गिट ॲड' केलं पण कमिट राहिलं असेल, तरी आशा आहे. मजकुराचा ब्लॉब तयार झालेला असतो. 'गिट एफएससीके' या कमांडला 'लॉस्ट फाउंड' हा पर्याय जोडून तो शोधता येतो, फक्त फाइलचं नाव मिळत नाही.

ॲडही केलं नसेल, तर गिटच्या वहीत त्याची नोंदच नाही. तिथे एडिटरची स्वतःची हिस्ट्री वाचवेल तेवढंच. म्हणून 'रीसेट हार्ड' मारण्याआधी 'गिट स्टेटस' बघायची सवय लावा.

रेंज गेली तरी काम चालू

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहायला घेतलं. आधी वापरात असलेल्या बिटकीपरची मोफत सोय बंद झाली होती. जगभर विखुरलेल्या लोकांना काम करता यावं, म्हणून नेहमीच्या क्लोनमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत असते.

त्यामुळे मढसारख्या गावात घरून काम करताना रेंज गेली, तरी कमिट, ब्रांच, लॉग, डिफ सगळं चालतं. नेट लागतं ते पुश, पुल आणि फेचला. पण लॅपटॉपच बिघडला तर वहीही गेली. रेंज आली की आधी पुश करा.

रोजच्या कामाच्या गोष्टी

- छोटी कमिट करा. एका कमिटमध्ये एकच मुद्दा. संदेशात 'काय बदललं' यापेक्षा 'का बदललं' लिहा.
- पुश केलेली चूक 'गिट रिव्हर्ट'ने सुधारा. तो नवा फेरफार असतो, जुना तसाच राहतो. सगळ्यांच्या ब्रांचवर 'रीसेट' करून फोर्स पुश करणं म्हणजे गावाच्या नोंदवहीचं पान फाडणं.
- स्वतःच्या ब्रांचवर फोर्स पुश करावाच लागला, तर 'फोर्स विथ लीज' वापरा. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी काही पुश केलं असेल, तर सहसा तो तुम्हाला अडवतो.
- बग कधी शिरला ते कळत नसेल, तर 'गिट बायसेक्ट' वापरा. दरवेळी निम्मी कमिट बाद होतात. १,००० कमिटमधून दोषी कमिट साधारण १० तपासण्यांत सापडतं.

आणि हाच गुण कधी अंगाशी येतो?

पासवर्ड किंवा एपीआय की चुकून कमिट करून पुश झाली, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून उपयोग नाही. आधीच्या कमिटमध्ये ती शाबूत असते आणि कुणीही मागे जाऊन वाचू शकतं. अशा वेळी सर्वात आधी तो पासवर्ड बदला किंवा की रद्द करा. इतिहास साफ करायचं नंतर बघा, कारण तोवर कुणीतरी प्रत घेतलेली असू शकते.

थोडक्यात, वहीत चढलेली नोंद सहजासहजी पुसली जात नाही. म्हणून काम लवकर कमिट करा आणि गुपितं वहीपासून लांब ठेवा.