बाळंतिणीची भूल आणि पोटातले आम्ल

प्रसूतीत भूल देण्याची सुरुवात १८४७ साली एडिंबरात झाली. जेम्स सिम्पसन यांनी जानेवारीत ईथर आणि नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरले. कळांच्या वेदना शमल्या. पण बेशुद्ध बाळंतिणीला उलटी होऊन ती श्वासनलिकेत उतरली तर काय होते, याचा कसून शोध घेतला जाण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९३२ ते १९४५ या काळातील ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासल्या. ६६ जणींच्या फुप्फुसांत पोटातले पदार्थ गेले होते. दोघी श्वासनलिकेत अडकलेल्या घट्ट अन्नाने गुदमरून दगावल्या. ज्यांच्या फुप्फुसांत केवळ पातळ द्रव गेला, त्यांना दम्यासारखी धाप लागली आणि अंग निळे पडले. यामागचे कारण मेंडेलसन यांनी सशांवर प्रयोग करून शोधले. पोटातला आंबट द्रव फुप्फुसांत सोडला की तोच त्रास होई. आम्ल मारून सोडला की त्रास थोडक्यात निभावे. म्हणजे घातक होते ते आम्ल. त्यातच कळा सुरू झाल्या की पोट रिकामे व्हायला वेळ लागतो आणि वाढलेले गर्भाशय जठर वर ढकलते, त्यामुळे बाळंतिणीला हा धोका अधिक.

१९४६ साली प्रसिद्ध झालेल्या मेंडेलसन यांच्या निबंधाने कळांत तोंडाने खाणे बंद ठेवणे, शक्य तिथे फक्त जागा बधिर करणे आणि भुलेपूर्वी आम्ल मारणे हे उपाय सुचवले. १९६१ साली लंडनच्या ब्रायन सेलिक यांनी गळ्यातील वलयाकार कूर्चा दाबून अन्ननलिका बंद करण्याची युक्ती मांडली. इंग्लंड-वेल्समध्ये १९५२पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होऊ लागली होती. कोणाला दोषी न ठरवता चूक शोधणारी ही पद्धत या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट होय. भूल देताना श्वासासाठी श्वासनलिकेत घालायची नळी न बसल्यामुळे होणारे मृत्यूही तिच्यामुळे ठळकपणे पुढे आले. १९७६ साली मायकेल टन्स्टॉल यांनी अशा वेळचा क्रम ठरवून दिला: हट्टाने नळी घालत बसू नये, प्राणवायू देत राहावे.

पुढे सिझेरियनसाठी पाठीतून भूल देण्याकडे कल वळला. तिचेही धोके होतेच. बुपिव्हकेन हे बधिर करणारे औषध चुकून रक्तवाहिनीत गेल्याने हृदय बंद पडू लागले, तेव्हा १९८४ साली अमेरिकेत प्रसूतीसाठी त्याचे ०.७५ टक्क्यांचे द्रावण वापरण्यास मनाई झाली. औषध थोडे थोडे देणे आणि आधी चाचणीची मात्रा देणे रूढ झाले. उपासाचा नियमही आता सैल झाला आहे. धोका कमी असलेल्या स्त्रियांना कळांतही पाणी पिऊ दिले जाते.