डंकरी आणि हॉर्नरचे खोरे

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील सॉमरसेट परगण्यातला एक उघडा डोंगर आणि त्याच्या उत्तर अंगाची ओकच्या रानाने भरलेली खोरी. हा सर्व मुलूख एक्समूर राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९५४, क्षेत्रफळ ६९३ चौ. किमी.) मोडतो. डोंगरमाथा डंकरी बीकन, उंची ५१९ मी.; एक्समूरमध्ये आणि साऱ्या सॉमरसेटमध्ये याहून उंच जागा नाही. ब्रिस्टल चॅनलचा किनारा येथून सरळ रेषेत सुमारे सात किमी.वर आहे. माथ्यावर वाऱ्याला अडवणारे एकही झाड नाही, पायथ्याला दुपारीही सावली हटत नाही असे रान, आणि या दोन्हींना जोडणाऱ्या जुन्या घोडवाटा. माउंटन बाइक चालवणाऱ्यांत या भागाचे नाव झाले ते या जोडीमुळे.

शेजारच्या डार्टमूरवर ग्रॅनाइटचे सुळके जागोजागी दिसतात, तसे येथे नाहीत. डंकरीचा दगड डेव्होनियन काळातला तांबूस वालुकाश्म. तो झिजून डोंगराला गोल पाठ आली आहे आणि वाटांवर मुठीएवढ्या सुट्या दगडांचा खच पडला आहे. वरच्या भागात पीटचा, म्हणजे कुजलेल्या झाडोऱ्याच्या मातीचा, पातळ थर आणि त्यावर हेदर, गोर्सची काटेरी झुडपे, व्हॉर्टलबेरी व ब्रॅकन नावाचा नेचा. हेदर फुलतो ऑगस्टमध्ये, तेव्हा पंधरा-वीस दिवस अख्खा डोंगर जांभळा होतो. अशा झाडोऱ्याच्या, आम्लधर्मी मातीच्या उघड्या माळाला तिकडे मूर म्हणतात. तो निसर्गाने आपोआप राखलेला नाही. प्रागैतिहासिक काळात रान तोडले गेले, पुढे गुरे-मेंढ्या चरत राहिल्या आणि हिवाळ्यात जुना हेदर जाळला जात राहिला, म्हणून तो उघडा राहिला. माथ्याच्या आसपास रॉबिन हाऊ, जोनी हाऊ अशी नावे असलेल्या कांस्ययुगीन दगडी राशी आहेत. शिखरावरची मोठी रास मात्र १९३५ सालची असून, हा डोंगर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आला त्याची ती खूण आहे. पाहुण्यांना बहुधा तीच प्राचीन वाटते.

हॉर्नर वॉटर हा ओढा पश्चिमेकडच्या माळावरून निघतो. डंकरीच्या उत्तर पायथ्याचे पाणी ईस्ट वॉटर गोळा करतो, आणि दोन्ही रानात एकत्र येऊन हॉर्नर या वाडीपाशी बाहेर पडतात. पुढे शेतांतून वाहत हे पाणी बॉसिंग्टनजवळ पोचते आणि तेथल्या गोट्यांच्या बांधातून झिरपत समुद्राला मिळते. डंकरी व हॉर्नरचे रान मिळून सुमारे १,६०० हेक्टरांचे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या प्राचीन ओकवनांत हॉर्नरची गणना होते. समुद्राकडून येणाऱ्या ओलीमुळे येथल्या खोडांवर शेवाळ आणि दगडफुलाचे जाड थर असतात. कोळसा पाडणारे आणि कातडी कमावण्यासाठी ओकची साल काढणारे शतकानुशतके हे रान वापरत आले. उतारावर मध्येच लागणाऱ्या लहान सपाट जागा म्हणजे त्या कोळसेवाल्यांच्या भट्ट्यांच्या जागा होत.

येथल्या वाटा सायकलींसाठी कोणी आखलेल्या नाहीत, ही गोष्ट मार्गदर्शिका सहसा सांगत नाहीत. आणि ती समजल्याशिवाय येथली सायकलस्वारीही नीट समजत नाही. वेल्समधले कोएड-इ-ब्रेनिन किंवा यॉर्कशरमधले डॅल्बी येथे सायकलींसाठी मुद्दाम वाटा बांधल्या आहेत. तेथे वळणाला बांध घातलेला असतो, उताराची तीव्रता मोजलेली असते आणि काठिण्याचा रंग फलकावर दिलेला असतो. डंकरीवर यातले काही नाही. येथल्या काही वाटा पीट वाहून नेणाऱ्यांच्या, काही लादलेल्या तट्टांच्या, तर काही शिकाऱ्यांच्या. हॉर्नर आणि शेजारच्या अ‍ॅलरफर्डचे अरुंद कमानी पूल तट्टांच्याच काळातले. ओझे दोन्ही बाजूंना लटके, म्हणून कठडे मुद्दाम ठेंगणे ठेवलेले. एकोणिसाव्या शतकात हनिकट जहागिरीच्या अ‍ॅक्लंड घराण्याने रानातून घोडदौडीसाठी वाटा काढल्या. ‘ग्रॅनीज राइड’, ‘फ्लोराज राइड’, ‘कॅट्स स्क्रॅम्बल’ अशी त्यांची घरगुती नावे नकाशावर आजही आहेत. हे घराणे पुढे वेगळ्याच वळणाला लागले. सर रिचर्ड अ‍ॅक्लंड यांना जमिनीची खासगी मालकीच मान्य नव्हती. १९४२ मध्ये त्यांनी कॉमन वेल्थ नावाचा पक्ष काढला आणि १९४४ मध्ये पाच हजार हेक्टरांच्या घरातली ही जहागीर नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली.

सायकलीला या वाटांवर हक्क मिळाला तो १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने. माउंटन बाइक तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती. घोडवाटांवर सायकल नेता येईल, मात्र पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी लागेल, असे कलम ३० सांगते. त्याच कलमात असेही आहे की सायकलींची सोय व्हावी म्हणून वाट सुधारण्याचे बंधन कोणावरही येत नाही. म्हणजे हक्क आहे, पण तक्रार करायला जागा नाही. वाट जशी आहे तशी घ्यायची. निव्वळ पायवाटेवर सायकल नेणे हा फौजदारी गुन्हा नसला तरी जमीनमालकाच्या दृष्टीने आगळीक ठरते. २००० च्या कायद्याने उघड्या माळावर मोकळे हिंडण्याची जी मुभा दिली, तीही फक्त पायी हिंडणाऱ्यांना. खुणा सोप्या आहेत: पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडवाटेचा. पॅडलला जोर लावावा लागणाऱ्या, २५० वॅटपर्यंतच्या विजेच्या सायकलींना साधी सायकल धरले जाते, त्यामुळे त्यांनाही निळा बाण चालतो. या यंत्रांमुळे चढाची भीती गेली आणि वरच्या वाटांवरची वर्दळ वाढली.

नेहमीची फेरी हॉर्नर किंवा डंकरीच्या ईशान्येचे वेबर्स पोस्ट येथून सुरू होते. हॉर्नरपासून शिखरापर्यंतचा चढ सव्वाचारशे-साडेचारशे मीटरांचा. आकडा सह्याद्रीच्या मानाने किरकोळ वाटेल, पण चढ एका दमात येतो आणि सुटे दगड मागच्या चाकाखालून सटकत राहतात. आसनावरून उठून जोर लावला की चाक जागच्या जागी फिरते. बसून, पुढे वाकून, हलक्या गिअरवर रेटणाराच वर पोचतो. दक्षिणेकडून, डंकरी गेटच्या रस्त्यावरून, रुंद वाटेने माथा सहज गाठता येतो. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून ब्रिस्टल चॅनलपलीकडचे वेल्सचे डोंगर दिसतात. हवा तशी असणे हा मात्र नशिबाचा भाग, कारण समुद्रावरून येणारा पहिला ढग याच डोंगराला अडतो.

उतरायला दोन-तीन वाटा आहेत. ईशान्येची वाट रॉबिन हाऊच्या अंगाने वेबर्स पोस्टकडे येते. ती सरळ आणि वेगाची आहे. मध्येच पाणी वळवण्यासाठी आडव्या दगडी मोऱ्या घातल्या आहेत. मोरीची पुढची कड चाकाला काटकोनात मिळाली तर निभावते. तिरपी मिळाली की टायर दगडाच्या धारेवर चेपून ट्यूब फुटते, बहुधा दोन समांतर चिरांनी. ‘डिकीज पाथ’ ही वाट याच्या उलट स्वभावाची. ती वेबर्स पोस्टकडून पश्चिमेला, डंकरीच्या उत्तर उतारावर जवळजवळ एकाच उंचीने जाते आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक घळीत शिरून पलीकडे निघते. घळीत उतरताना वेग, तळाला ओहोळ आणि ओले खडक, लगेच समोर उभा चढ; गिअर आधीच बदलून ठेवला नसेल तर पाय टेकावाच लागतो. आमच्या मते या परिसरातली सर्वांत चांगली वाट हीच. उतार फुकट देत नाही आणि चढही छळत नाही.

रानात शिरले की सगळेच पालटते. वारा थांबतो, उजेड मंदावतो, जमीन काळी आणि मऊ होते. ओकच्या मुळ्या वाटेवर आडव्या पसरलेल्या असतात आणि पावसाळी हवेत त्यांवर चाक अजिबात ठरत नाही. तेथे ब्रेक सोडून, वजन सरळ ठेवून पार व्हायचे असते. मुळीवरच ब्रेक दाबणारा आडवा होतोच, शिवाय चाक घासटून मुळीची सालही निघते. क्लाउट्सम या ठिकाणी ईस्ट वॉटर रस्त्यावरूनच वाहतो. पूर नसेल तर ते पाणी सायकलीने ओलांडता येते. खोऱ्यातल्या फाटकांना वरपर्यंत लांब दांडे बसवले आहेत, स्वाराला घोड्यावरून न उतरता कडी काढता यावी म्हणून. सायकलवाल्यालाही ते अचूक हाताशी येतात.

थोडे वर स्टोक पीरो येथे एक्समूरमधले सर्वांत उंचावरचे चर्च आहे. १८९७ मध्ये त्याचे छप्पर नव्याने घातले, तेव्हा ओकचे वासे झुलू नावाच्या गाढवाने किनाऱ्याजवळच्या पोर्लॉक गावाहून रोज दोन खेपा करून वर आणले. त्याचे चित्र चर्चमध्ये लावलेले आहे. पोर्लॉकहून चढून आलेल्या सायकलस्वाराला त्या गाढवाविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

घोडेस्वार, पादचारी आणि सायकलस्वार यांच्यातली कुरबुर येथे जुनीच आहे. ती विकोपाला जात नाही याचे एक कारण असे, की वाटा अरुंद व दगडाळ असल्याने वेग आपोआप आवरतो. घोडा मागून आलेल्या मुक्या सायकलीला बुजतो, म्हणून लांबूनच हाक द्यायची असा शिरस्ता आहे. घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा. खरा प्रश्न धुपीचा. पीट ओले असताना चाकोरी पडली की पुढचा पाऊस तीतूनच वाहतो, चाकोरीची घळ होते आणि पुढचे सायकलस्वार ती चुकवायला बाजूच्या हेदरवरून जातात. अशाने एका वाटेच्या चार होतात. हिवाळ्यात माळावरच्या वाटा टाळून रानातल्या दगडी तळाच्या वाटा धराव्यात, हे स्थानिकांचे सांगणे त्यामुळेच.

प्राण्यांत लाल हरिण हा ब्रिटनमधला सर्वांत मोठा भूचर वन्यपशू येथे मोठ्या संख्येने आहे. ऑक्टोबरात नर माजावर येतात आणि क्लाउट्समच्या बाजूने त्यांचे हंबरणे ऐकू येते. अशा वेळी कळपामधून सायकल घालू नये. येथे हरणांची शिकार हा मोठा सोहळा असे. नॅशनल ट्रस्टने १९९७ मध्ये आपल्या जमिनीवर ती बंद केली, तेव्हा गावागावांत बरेच वादळ उठले होते. फिकट तोंडाचे, तपकिरी एक्समूर तट्टू दुसऱ्या महायुद्धानंतर पन्नासाच्या आसपासच उरले होते, ते आता माळावर पुन्हा मोकळे चरताना दिसते. हनिकट जहागिरीत २०२० मध्ये बीव्हर सोडले आणि पुढच्याच वर्षी पिल्लू झाले. एक्समूरमध्ये सुमारे चारशे वर्षांनी जन्मलेले ते पहिले बीव्हर. खाली अ‍ॅलर नदीला जुन्या पूरमैदानात पुन्हा पसरू देण्याचे कामही ट्रस्टने केले आहे. ब्रॅकनमधून गेल्यावर पायांवर गोचीड तपासावी, कारण तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो.

मुख्य लोहमार्गावरचे स्थानक टाँटन. तेथून माइनहेडपर्यंत ए-३५८ व ए-३९ रस्ते आहेत; माइनहेडला येणारी वेस्ट सॉमरसेट रेल्वे ही हौशी मंडळींनी जपलेली वारसा गाडी असून ती ठरावीक दिवशीच धावते. हॉर्नर आणि वेबर्स पोस्ट येथे वाहनतळ आहेत. पोर्लॉकचा चार मीटरला एक मीटर चढणारा घाट सायकलीने टाळावा. शेजारचा जुना पथकराचा रस्ता रानातून सौम्य चढाने वर जातो. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्समूरचा ओएल-९ हा नकाशा सोबत असावा. त्यावर घोडवाटा लांब हिरव्या रेघांनी आणि पायवाटा आखूड रेघांनी दाखवल्या आहेत. खोऱ्यांमध्ये मोबाइलचा भरवसा नाही.