ऑनलाइन कट्टरता : संशोधन काय सांगतं आणि घरच्यांना काय दिसतं

पालक सभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर असतो. काही भलतंसलतं तर बघत नाही ना?" विचारणाऱ्या अम्मीला नेमकी कसली भीती वाटतेय ते आम्हाला कळतं, कारण आमच्याही घरी मुलं आहेत. या विषयावर जगभरच्या विद्यापीठांत गेली वीस वर्षं काम चाललंय. त्यातलं घरच्यांच्या उपयोगाचं तेवढं इथे सांगतो.

आधी शब्दाचं बघू. 'रॅडिकलायझेशन'ला मराठी वर्तमानपत्रं कट्टरतावाद म्हणतात, उर्दू अखबार इंतिहापसंदी. मराठीत मात्र 'कट्टर' मोठा फसवा शब्द आहे. कट्टर कार्यकर्ता, कट्टर चाहता ही तर तारीफ झाली! अभ्यासक इथे विचार आणि कृती वेगळे करतात. क्लार्क मॅककॉली आणि सोफिया मोस्कालेन्को या मानसशास्त्रज्ञांनी दोन स्वतंत्र पिरॅमिड मांडले, एक मतांचा आणि एक कृतीचा. जहाल मतं असलेल्यांपैकी बहुतेक जण कधीच हिंसेकडे वळत नाहीत. उलट हिंसा करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्की विचारसरणी असतेच असंही नाही.

हा फरक विसरला की काय होतं, ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं. तिथल्या पोलिसांनी २००७ साली एक अहवाल काढला. त्यात कट्टरतेच्या खुणा म्हणून काय दिलं होतं? दाढी वाढवणं, पारंपरिक इस्लामी कपडे घालणं, सिगारेट आणि दारू सोडणं. म्हणजे आपल्याकडे ज्या मुलाचं मोहल्ल्यात कौतुक होईल, तो तिथे संशयित! मुस्लिम वस्त्यांवर पाळत ठेवणाऱ्या त्यांच्या पथकाकडून सहाहून अधिक वर्षांत तपासाचा एकही धागा हाती लागला नाही, हे २०१२ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्यानेच शपथेवर मान्य केलं. पुढे खटल्यातल्या तडजोडीनुसार २०१६ मध्ये तो अहवाल पोलिसांच्या वेबसाइटवरून काढावा लागला.

दीनी माहितीचंही तसंच. आयसिसमध्ये, म्हणजे ज्याला उर्दूत दाइश म्हणतात त्यात, भरती होणाऱ्यांचे चार हजारांहून अधिक अर्ज २०१६ मध्ये बाहेर आले. त्यात शरियतचं ज्ञान किती, असा रकाना होता. सुमारे ७० टक्के अर्जांवर उत्तर होतं, प्राथमिक. दीन नीट शिकलेली मुलं तिकडे जातात, हा समज त्या संघटनेच्या स्वतःच्या कागदांवरूनही टिकत नाही.

मग माणूस जातो कसा? मार्क सेजमन या मनोविकारतज्ज्ञाने २००४ च्या पुस्तकात १७२ जणांच्या आयुष्यांची माहिती तपासली. त्याला सापडली ती दोस्ती आणि नातीगोती. आधी मैत्री, मग विचार. २०१४ मध्ये कल्याणहून इराकला गेलेले चौघेही एकमेकांना ओळखणारे, एकाच शहरातले तरुण होते. त्यातला एक त्याच वर्षी परत आला आणि त्याला अटक झाली.

आता इंटरनेट. रँड युरोप या संस्थेने २०१३ मध्ये ब्रिटनमधली १५ प्रकरणं खोलात तपासली. इंटरनेटमुळे संधी वाढते, पण ते प्रत्यक्ष माणसाची जागा घेतं असं त्यांना दिसलं नाही. पॉल गिल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये दोषी ठरलेल्या २२३ जणांची माहिती पाहिली. ६१ टक्क्यांच्या बाबतीत ऑनलाइन हालचालींचा पुरावा होता. पण ऑनलाइन असणारे बरेच जण प्रत्यक्षातही कुणाला तरी भेटत होते. यूट्यूबबद्दल २०२३ मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासातही असंच काहीसं आहे : अतिरेकी चॅनल मुख्यतः तेच लोक पाहत होते, ज्यांच्या मनात द्वेष आधीपासून होता आणि ज्यांनी ते चॅनल सबस्क्राइब केले होते. म्हणजे साधा व्हिडिओ बघता बघता कुणीही आपोआप त्या विहिरीत पडतो, असं त्या पाहणीत आढळलं नाही.

आणि हा एकाच कौमचा आजार नाही. १५ मार्च २०१९, जुम्याचा दिवस. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ जण शहीद झाले. हल्लेखोर गोऱ्या वर्चस्ववादाचा होता आणि त्याने ते फेसबुकवर थेट दाखवलं. फेसबुकने पहिल्या २४ तासांत त्याच्या १५ लाख प्रती काढल्या किंवा अडवल्या. नंतरच्या शाही चौकशी आयोगाच्या अहवालात एक तपशील आहे, तो आम्ही दोनदा वाचला. लहानपणी त्याच्या झोपायच्या खोलीत कॉम्प्युटर होता, इंटरनेटवर कुणाची नजर नव्हती, आणि चौदाव्या वर्षापासून तो 'फोरचॅन'वर जात होता, असं त्यानेच आईला सांगितलं होतं. पुढे त्याचे वंशद्वेषी विचार वाढताना आईला दिसतही होते. ती काळजीत होती.

ही एकटी आई नव्हे. गिल यांच्याच २०१४ च्या अभ्यासात अमेरिका-युरोपातले एकट्याने हल्ला किंवा कट करणारे ११९ जण होते, सगळ्या विचारसरणींचे. त्यातल्या सुमारे ६४ टक्क्यांनी आपला इरादा घरच्यांना किंवा मित्रांना बोलून दाखवला होता. त्यांचा राग कशावर आहे हे तर त्याहूनही जास्त प्रकरणांत जवळच्यांना ठाऊक होतं.

मग कुणी बोललं का नाही? यावर मिशेल ग्रॉसमन यांनी ऑस्ट्रेलियात आणि पॉल थॉमस यांच्यासोबत ब्रिटनमध्ये लोकांशी बोलून अभ्यास केला. लोकांना आपल्या माणसाची काळजी असते, त्याला गुन्हेगार ठरवायचं नसतं. आपण तक्रार केली तर पोराचं आयुष्य बरबाद होईल, खानदानाचं नाव जाईल, ही भीती असते. म्हणून आधी ते स्वतः समजावतात, मग घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा समाजातल्या भरवशाच्या माणसाला सांगतात, आणि पोलीस अगदी शेवटी. तेही हेल्पलाइनवर नाही. बहुतेकांना ओळखीच्या, स्थानिक पोलिसाशी समोरासमोर बसून बोलायचं होतं, आणि नंतर आपल्या पोराचं पुढे काय झालं हे कुणीतरी आपल्याला सांगावं, असं त्यांचं म्हणणं होतं.