पीचच्या बागांवर चालून गेलेली फौज

आजचा भाग अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या एका लाल दरीबद्दल. नाव 'कॅन्यन द शे'. मूळ नावाहो शब्द 'त्सेयी', म्हणजे खडकाच्या आत. स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचं 'चेली' झालं आणि स्पेलिंग तेच राहिलं.

मी इथे दिवसभराचा ट्रेक केला. सोबत नावाहो वाटाड्या घ्यावाच लागतो. का, ते पुढे येईलच. दरीच्या तोंडाशी कडे जेमतेम तीसेक फूट. आत मात्र हजार फुटांपर्यंत चढत जातात. कपारींमध्ये प्राचीन पुएब्लो लोकांची साधारण हजार वर्षं जुनी घरं दिसतात. आणि तळाशी? चक्क शेतं!

आता गोष्ट १८६३ची. नावाहोंना इथून हलवायचं काम किट कार्सनकडे आलं. मोठी लढाई अशी झालीच नाही. फौजेनं उभी पिकं जाळली, मेंढ्या मारल्या, घरं पेटवली. जानेवारी १८६४मध्ये सैन्य या दरीतून गेलं आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात पीचची हजारो झाडं तोडली गेली. बघा, मका पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतो. झाड फळाला यायला वर्षं जातात. आणि वाळवलेले पीच म्हणजे हिवाळ्याची बेगमी. म्हणजे परत येण्याचं कारणच तोडायचं!

उपाशी माणसं शरण आली. त्यांना न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोपर्यंत जवळपास पाचशे किलोमीटर चालवत नेलं. यालाच 'लाँग वॉक' म्हणतात. तिथलं पाणी खारट, पीक येईना, रोगराई. हजारो माणसांची चार वर्षं अशी गेली.

१८६८मध्ये जनरल शर्मन बोलणी करायला आला. ओक्लाहोमाकडे जा, असा त्याचा प्रस्ताव होता. नावाहोंच्या वतीनं बोलणारा बार्बोन्सितो याच दरीतला. त्यानं ठाम नकार दिला, आम्हाला घरीच जायचंय म्हणाला. १ जून १८६८ला करार झाला आणि माणसं खरोखर परतली. त्या काळात हाकलून दिलेल्या लोकांना आपलीच जमीन परत मिळणं किती दुर्मीळ, ते तुम्हाला माहीतच आहे.

१९३१ साली ही दरी राष्ट्रीय स्मारक झाली, पण जमीन आजही नावाहोंचीच आहे. कुटुंबं तिथे शेती करतात. म्हणून तो वाटाड्या. आपण पार्कात नाही, कुणाच्या तरी बांधावरून चालत असतो.

भेटू पुढच्या भागात!