फिशर–स्पास्की, आठवा डाव (1972)

जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपदाच्या सामन्यातील, सममित इंग्लिश प्रारंभाने खेळला गेलेला डाव. रेकयाविक (आइसलँड) येथे 27 जुलै 1972 रोजी झाला. पांढरी मोहरी बॉबी फिशर (अमेरिका), काळी बोरिस स्पास्की (सोव्हिएत संघ). 37 चालींत फिशर विजयी.

प्रारंभ : हॉवर्ड स्टाँटन या इंग्रज खेळाडूने 1843 मध्ये पॅरिसच्या सामन्यात सी4 ही पहिली चाल खेळली, त्यावरून ‘इंग्लिश’ हे नाव. काळ्याने सी5 केले की पट सममित होतो. मधली घरे प्याद्यांनी न भरता बाजूने, दुरून ताब्यात ठेवणे हे यातील धोरण. आपल्याकडील देशी पद्धतीत उंटापुढचे प्यादे सामान्यतः एकच घर सरकते, त्यामुळे ही सममिती तेथे पहिल्याच चालीत साधत नाही.

फिशर प्रामुख्याने ई4 खेळणारा. सहाव्या डावातही त्याने सी4 केले, पण तो डाव वजिराच्या गँबिटमध्ये गेला. आठवा इंग्लिशच राहिला.

डाव : किल्लेकोटासह पहिल्या सहा चाली दोघांच्या तंतोतंत सारख्या. सातव्या चालीला डी4 करून फिशरने सममिती मोडली. पंधराव्या चालीला स्पास्कीने बी5 केले आणि फिशरचा उंट ए7 वर येऊन बी8 च्या हत्तीवर बसला. हत्तीला जागाच उरली नाही : ए8 आणि बी7 ही घरे जी2 वरील उंटाच्या कर्णावर, बी6 ए7 च्या उंटाच्या माऱ्यात. उंट व एक प्यादे यांच्या बदल्यात हत्ती गेला. हा हेतुपुरस्सर बळी की नजरचूक, यावर भाष्यकारांत एकमत नाही. जी2 चा कर्ण पाहता नजरचूकच अधिक संभवते. एकोणिसाव्या चालीची घोडा डी7 ही दुसरी चूक. त्यावर घोडा डी5 येताच वजिरांची मारामारी झाली, पण स्पास्कीचा वजीर मारण्याआधी फिशरने घोड्याने शह देत ई7 चे प्यादे टिपले. मिळवलेले प्यादे असे परत गेले व डाव तेथेच निकाली निघाला. ए8 व बी7 रोखणाऱ्या कर्णावर जी2 चा उंट सुरुवातीपासून उभा होता. प्रारंभ शिकणाऱ्याने या डावात पाहावे ते हेच.

अंतिम पर्व : मिळालेल्या वरचढपणाचे विजयात रूपांतर, केवळ तांत्रिक.

सामना : या विजयाने फिशरची आघाडी 5–3 झाली. सामना त्याने 12½–8½ असा जिंकला व तो अकरावा जगज्जेता ठरला.