मोरीतून आलेला पूर

बारा वर्षं आधी
मुंबईतल्या २६ जुलै २००५ च्या पुराचा घटनाक्रम लोक दुपारपासून सांगतात. मी १९९३ पासून सांगतो. त्या साली मुंबई महापालिकेपुढे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याबद्दलचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला. शहराची गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी असेल आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल हे धरून. अहवाल म्हणाला, क्षमता ताशी ५० करा. बहुतेक कामं कागदावर राहिली. जमिनीवर मात्र डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक चढत गेले.

मंगळवार, सकाळी ८.३०
जुलैतला रोजचा पाऊस. छत्र्या घेऊन माणसं लोकलला लटकली.

दुपारी २.३०
सांताक्रूझ वेधशाळेवर आभाळ फुटलं. पुढच्या तासाभरात १९०.३ मिलिमीटर. कुलाब्याला मात्र चोवीस तासांत जेमतेम ७३. त्यामुळे फोर्टातल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरात काय चाललंय याची गंधवार्ता नव्हती. मुंबईकडे तेव्हा डॉपलर रडार नव्हतं.

३.५०
भरती, ४.४८ मीटर. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन मिठी नदी सुमारे अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत उतरते. वाटेत विमानतळासाठी तिला काटकोनात वळवलेलं, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने काठची खारफुटी खाल्लेली. वरून लोंढा, खालून समुद्र. नदी मागे फिरली.

त्यानंतरचा तास
कुर्ला, कलिना. तळमजल्यावरच्या बायकांनी उंबऱ्याला गोणपाटं लावली, त्यावर पाट टेकवले. पाणी दारातून आलंच नाही. मोरीच्या जाळीतून आधी झुरळं निघाली, मग बुडबुडे, मग काळं पाणी. पाठोपाठ संडासाचं भांडं उलटं वाहू लागलं. बाहेर पाणी गुडघ्याला, आतही गुडघ्याला, मग उंबरा अडवून काय होणार?

आणि हे नुसतं पावसाचं पाणी नव्हतं. कुर्ल्याच्या भंगार गोदामांतली तेलाची पिंपं मिठीच्याच काठी धुतली जात. तबेल्यांचं शेण, कारखान्यांचं सांडपाणी, गटारजोडणी नसलेल्या वस्त्यांचा मैला, सगळं तिच्यातच. ज्या नाल्यांनी पाऊस वाहून न्यायचा, त्यांनाच आपण बाराही महिने मैला वाहायला लावला होता. त्या दिवशी ते सगळं सव्याज घरी परत आलं. ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली रेघ तेलकट होती, साबणाने निघेना.

६.३०
लोकल बंद, उपनगरांत वीज नाही, मोबाइल मुके. रुळांवरून आणि हायवेवरून माणसांच्या रांगा चालू लागल्या. काहीजण काचा वर केलेल्या गाडीतच थांबले. दारं उघडेनात, गुदमरून गेले. साकीनाक्याला आझादनगरवर टेकडी कोसळली, तिने सत्तरच्या वर बळी घेतले. रस्त्याकडेच्या वस्त्यांनी अनोळखी माणसांना चहा-बिस्किटं दिली, हे खरं. पण त्याला ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून मिरवणाऱ्यांनी मिठीच्या भरावाबद्दल कुणाला जाब विचारल्याचं फारसं ऐकलं नाही.

बुधवार, सकाळी ८.३०
सांताक्रूझची चोवीस तासांची नोंद: ९४४.२ मिलिमीटर. दुष्काळी माणदेशात दोन वर्षं मिळून पडावा इतका पाऊस. मुंबईत चारशेच्या वर माणसं गेली.

एका दिवसाचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. तरी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या चमूने २०१७ साली दाखवलं की, मध्य भारतात विस्तृत पट्ट्यावरच्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढल्या. २६ जुलैला अपवाद म्हणून फाइल बंद करणं त्यामुळे अवघड होतं.

ऑगस्ट
पाणी ओसरलं आणि ताप सुरू झाले. उंदीर-गुरांच्या मुताने नासलेल्या पाण्यातून, पायाच्या खरचटलेल्या जागेतून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू शिरला होता. पाण्यातून सुखरूप घरी पोचलेले काहीजण आता रुग्णालयात दगावले. नाले तुंबवल्याचा ठपका प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आला आणि राज्य सरकारने बंदी जाहीर केली. मागाहून पुराच्या चौकशीसाठी नेमलेल्या माधवराव चितळे समितीचा अहवाल आला, आणि ‘ब्रिमस्टोवॅड’वरची धूळ झटकली गेली. हाजी अली, इर्ला अशी उदंचन केंद्रं (पंपिंग स्टेशन) उभी राहिली. माहुल आणि मोगऱ्याची पुढेही वर्षानुवर्षं रखडली. नव्या गटारांचा आकडा मात्र १९९३ चाच धरला, ताशी ५०.